चिनीकाकीला कुणी शिवी देईना

आमच्या घरात माणसाला कुणी पाळण्यातल्या नावानं हाक मारली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मी सुमन, पण सुमन ही हाक मी फक्त शाळेत हजेरीला ऐकली. घरात मी सुमी, आणि कुणाचं डोकं फिरलेलं असलं तर शेंबडी. थोरल्या भावाला बोबड्या म्हणत, आणि हा बोबड्या तोवर तालुक्याला भाषणाची बक्षिसं मारत होता. वडिलांच्या डोक्यावर केस उरले नव्हते, तर त्यांची थोरली बहीण त्यांना पाव्हण्यारावळ्यांसमोर खुशाल टकल्या म्हणायची आणि ते निमूट 'व्हय आक्का' म्हणायचे. ही बहीण म्हणजे आमची गोदाआत्ती. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा वारला, ती उंब्रजच्या अलीकडं आमच्या गावी माहेरी परत आली, आणि आल्या आल्या घराच्या किल्ल्या तिनं कमरेला लावल्या. सकाळी जाग यायची ती आत्तीच्या आवाजानं. आधी म्हशीचा उद्धार, मग धूर करणाऱ्या शेणकुटांचा, मग आमचा. तोवर आई चुलीपुढं भाकरी थापायला बसलेली असायची. त्या थापांचा आवाज आणि आत्तीच्या शिव्या यांचा एक ठेका जमलेला होता. खर्डा रगडल्याचा ठसका नाकात गेला की आम्ही अंथरुणातून उठायचो.

आत्तीच्या तोंडाला पंचक्रोशीत मान होता, आणि तो तिनं ओढ्यावर मिळवलेला होता. आमचं गाव ओढ्याच्या अलीकडं, दुसरं गाव पलीकडं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहायच्या, मागं हलगी वाजायची, आणि मधल्या पाण्यावरून एकमेकींना शिव्या घालायच्या. हातवारे करून, पदर खोचून, आडपडदा न ठेवता. अशी चाल आमच्या जिल्ह्यात क्वचितच कुठं आहे. ही शिवीगाळ झाली नाही तर साल धड जात नाही, असं जुनी माणसं म्हणत. पलीकडं उभ्या असायच्या त्या कुणी परक्या नव्हेत. माझी सख्खी मावशी तिकडं दिलेली, आणि आई वर्षातून एकदा तिला जे काय बोलायची ते मी इथं लिहू शकत नाही. त्या दिवशीची शिवी त्याच दिवशी ओढ्यात सोडायची, घरी न्यायची नाही, हा नियम. आणखी एक नियम होता. त्या साली गावात आलेल्या नव्या सुनेला पुढं काढायचं, पलीकडून तिला पहिली शिवी यायची, तिनं तिला उलट उत्तर द्यायचं. तेवढं झालं की ती गावची बाई झाली. जिला शिवी आली नाही ती अजून पाव्हणीच.

दुष्काळ सरला, ओढ्याला पुन्हा पाणी आलं, त्या वर्षी माझा धाकटा चुलता रंगाकाका पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर आला तो बायको घेऊनच. पत्र नाही, काही नाही. एसटीतून उतरला, एका हातात ट्रंक, आणि मागं एक ठेंगणी, गोरीपान, बारीक डोळ्यांची बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, पण तो तिला सांभाळता येत नव्हता. दार्जिलिंगकडची गोरखा. तिचा बाप तिकडं चहाच्या मळ्यात कामाला होता. काकाची नेमणूक तिकडं असताना ओळख झाली आणि तिकडच्याच देवळात लग्न लावून मोकळा झाला. वडील सोप्यात बसले होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. आई दारात उभी. आळीतली निम्मी माणसं आमच्या दारात. आत्ती आतून आली, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आली तर आली. नाक बसकं हाय, पर मान ताठ हाय. व्हा बाजूला, येऊ द्या तिला आत."

तिचं नाव फूलमाया. पूजेच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून काकानं त्यात शालन असं लिहिलं आणि ती शालन झाली. पण शालन म्हणायला माझी आई तेवढी. आत्तीनं तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना तिला हाक मारली, "ए चिने, केरसुणी आडवी धर. जमिनीला कंगवा फिरवाय लागलीयास का काय?" रंगाकाका दातवण टाकून आला. म्हणाला, "आक्का, ती चिनी न्हाई. गोरखा हाय, आपल्याच देशातली. चिन्याबरुबर हिच्याच मानसांनी लढाई केली." आत्ती म्हणाली, "आसंल. मला कुठं लढाई करायचीया." आणि त्या दिवसापासून ती चिनी. चिने, मीठ आन. चिने, डोस्क्याला तेल लावू का. चिने, जेवलीस का गं, का हितं बी तुजा डोंगर आठवून रडत बसलीस. आत्तीनं म्हटलं म्हणून आळीनं म्हटलं, आळीनं म्हटलं म्हणून गावानं.

आत्तीला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. नकाशा कुणी पाहिलेला नव्हता, तसल्या तोंडाला आमच्याकडं एकच शब्द माहीत होता, आणि तो वैऱ्याचा शब्द होता. पहिले तीन-चार महिने तो आपल्याला टोचत होता, असं काकीनंच मला पुढं सांगितलं. रंगाकाका रजा संपून गेला होता, जिथं बायको नेता येत नाही अशा ठिकाणी. ही इथं, भाषा येत नाही, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही. मी विचारलं, मग टोचायचा कधी थांबला? ती म्हणाली, "ताप आला तवा." त्या तापात आत्ती चार दिवस तिच्या उशाशी बसून होती. कपाळावर घड्या ठेवायची, हुलग्याचं माडगं करून फुंकून फुंकून पाजायची आणि सारखं चिने, चिने करायची. काकी म्हणाली, तापात मला वाटायचं माझी आईच मला कुठल्यातरी नावानं बोलावतीय. पाणवठ्यावर एका बाईनं आत्तीला खोदून विचारलं, ही बया खाती तरी काय? आत्ती म्हणाली, "तुजं डोस्कं. आन पोट न्हाई भरलं तर तुज्या सासूचं." यानंतर पाणवठ्यावर प्रश्न बंद झाले.

याच्या उलट आमच्या आळीत एक घर होतं, गावच्या पाटलाचं. माझी मैत्रीण शेवंता तिथली. शेवंताची आई काकीला कधीही चिनी म्हणाली नाही. ती तिला वहिनीसाहेब म्हणायची, अहोजाहो करायची, आणि चहा द्यायची तो कान तुटलेल्या कपात, उंबऱ्याच्या बाहेर. कप नंतर मागच्या भिंतीवर उपडा घातलेला असायचा, तो घरात जायचा नाही. मी बारा-तेरा वर्षांची होते. मला तो कप दिसत होता आणि वहिनीसाहेबही ऐकू येत होतं. मला वाटायचं, शेवंताच्या घरची माणसं किती चांगलं बोलतात.

पलीकडच्या गावात तान्हूबाई नावाची म्हातारी होती. तिचा एकुलता एक पोरगा चिन्यांच्या लढाईत वर बर्फात गेला. तार आली, माणूस आलं नाही, मातीसुद्धा आली नाही. रंगाकाका नवी बायको घेऊन तिकडच्या देवळात पाया पडायला गेला तेव्हा तान्हूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं काकीच्या तोंडाकडं बघितलं, शेंगा तशाच ठेवल्या, आत गेली आणि दार लावून घेतलं.  काकी त्या दिवसापासून पलीकडं जायला बिचकायची.

आता माझ्याकडं येते. लिहायला घेतलंय तर लपवून काय करायचं. काकी मला आवडायची आणि मला तिचा रागही यायचा. रंगाकाका रजेवर आला की खाऊची पहिली पुडी माझ्या हातात पडायची, त्या वर्षी ती तिच्या हातात पडली. माझी गोधडी तिला दिली. त्यात तिनं मुळ्याचा पाला आणला, चिरून, कुटून, मडक्यात दाबून आठ दिवस आंबवला आणि मग उन्हात वाळत घातला. त्याला ती गुंद्रुक म्हणायची. त्याचं ती आमटीसारखं पातळ करून प्यायची आणि तेवढ्याच जेवणाला तिचे डोळे हसायचे. वास मात्र असा की म्हैस दाव्याला हिसडे देईल. आत्तीनं एकदा बोट बुडवून चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, वाईच घाल गं त्यातलं, तोंडाला चव न्हाई.

पंचमी आठ दिवसांवर आली. ओढ्यावर उभं राहायच्या नव्या सुना सोडल्या तर गावच्या सुना माहेरी निघाल्या, गावच्या लेकी सासरहून यायला लागल्या. काकीचं माहेर चार दिवसांच्या रेल्वेवर. ती दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांची गाठोडी बघायची. आमच्या अंगणात आम्ही पोरी रोज तिसऱ्या प्रहरी फेराची गाणी आणि फुगड्या घटवायला जमायचो. एके दिवशी सकाळी काकी पाल्यात हात घालून बसली होती आणि आत्ती चुलीकडून ओरडली होती, "ए चिने, तुजा त्यो पाला धुऊन टाक, हात घास, मगच तव्यापाशी ये." काकी खिदळली होती आणि ओल्या हातानं आत्तीच्या गालाला शिवायला धावली होती. दुपारी आम्ही फेर धरला तेव्हा ती पाला भरलेलं पाखडायचं सूप बाजूला ठेवून आली आणि हसत हसत फेरात शिरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेवंता. दोन पावलं झाली असतील. शेवंतानं हात सोडला, स्वतःच्या परकराला पुसला आणि माझ्याकडं बघून नाक मुरडलं. "सुमे, तुमच्यात असलं खात्यात?"

बाकीच्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, "ए चिने, जा, तुजा पाला धू आधी. आमच्यात येऊ नगंस." मोठ्यानंसुद्धा म्हटलं नाही. आत्ती तर किंचाळायची. शब्द जवळजवळ आत्तीचेच, सकाळचेच. काकीला त्या वेळी मराठी फारसं कळत नव्हतं, पण तिला सकाळचं कळलं होतं आणि हेही कळलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं राहिलं, त्याच्यामागं कुणी नव्हतं. तिनं माझा हात हळूच सोडला, सूप उचललं आणि आत गेली. आम्ही फेर पुन्हा धरला. मी गाणंही म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं.

दिवेलागणीला ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक ओढून काढली, लुगडी घडी करून भरली, आणि वडिलांपुढं जाऊन मोडक्या हिंदीत म्हणाली, भाईसाब, उनको चिट्ठी लिखो, मुझे घर भेज दो. वडील कावरेबावरे झाले. आत्ती आली. तिनं ट्रंक बघितली आणि तिच्या तोंडातून एकही शिवी निघाली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. तिनं काकीला जवळ घेऊन विचारलं, "कोन काय बोललं तुला? नाव सांग. ओढ्याची वाट न बगता हितंच फाडती तिला." काकीनं मान हलवली. आत्तीनं आम्हा सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. काकीनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. तिनं नाव घेतलं असतं, आत्तीनं मला बदडलं असतं, तर मी सुटले असते. शेवटी आत्ती म्हणाली, "पंचमी हू दे. ओढ्याला माज्यासंगं उभी ऱ्हा. मग जायचं तर जा, मी सोता ठेसनावर सोडती." काकी हो म्हणाली.

मी अंथरुणात पडून विचार केला. माझ्या एका 'चिने'मुळं हिनं ट्रंक भरली. आता ओढ्यावर पलीकडच्या शंभर बाया हेच म्हणणार, नकटी म्हणणार, आणखी काय काय म्हणणार. मग ही राहते कशाला? तेव्हा पंचमीच्या दिवशी सकाळी, नागोबाला दूध-लाह्या वाहून झाल्यावर, मी परकर वर खोचून ओढा ओलांडला आणि मावशीकडं गेले. मावशी कढईत कानवले तळत होती. मी रडत रडत तिला सांगितलं, आमच्या काकीला उद्या कुणी काही बोलू नका, चिनी तर अजिबात म्हणू नका, नाहीतर ती निघून जाईल. मावशी मायाळू बाई. म्हणाली, "आगं खुळे, रडतीस कशाला? परमुलखाची पोर ती, आमाला काय कळत न्हाई व्हय? सांगती मी समद्यास्नी." एक कानवला माझ्या हातात ठेवला. मी तो खात खात, पाण्यातून परत आले, आणि आपण केवढं पुण्य केलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याचे दोन्ही काठ बायांनी भरले होते. हलगी कडाडली. आमच्या आईनं सुरुवात केली, मावशीनं उत्तर दिलं. तुज्या दाल्ल्याच्या मिश्या उंदरानं न्हेल्या, इथपासून सुरू झालं आणि पुढं ते पोरीबाळींनी ऐकू नये अशा वळणाला गेलं, आणि आम्ही पोरीबाळी कान देऊन ऐकत होतो. आत्ती तर रंगात आली होती. एका दमात तिनं पलीकडच्या तीन आळ्या झोडपल्या. मग नव्या सुना काढल्या. त्या वर्षी तिघी होत्या. पहिली पुढं आली, पलीकडून शिवी आली, ती लाजत लाजत उलट बोलली, हशा झाला. दुसरीचं तसंच झालं. मग आत्तीनं काकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पाण्याच्या कडेला नेलं. काकीनं पदर कमरेला खोचला होता, आत्तीनं शिकवलेल्या दोन शिव्या ती सकाळपासून पुटपुटत होती. ती उभी राहिली.

पलीकडच्या बाया गप्प झाल्या. एक बाई खाली बघायला लागली. एकीनं हात जोडले. माझी मावशी गोड हसली आणि मान डोलावली, एखाद्या पाव्हणीला करतात तशी. हलगीवाल्यानं दोन ठोके टाकले आणि कुणी काही बोलत नाही बघून तोही थांबला. पाण्याचा आवाज यायला लागला. आत्ती ओरडली, "वाचा बसली का गं भवान्यांनो? आमच्या चिनीला कुनी बोलंना व्हय?" तरी कुणी तोंड उघडेना. काकीनं आधी वाट बघितली. मग तिनं मान वळवून आत्तीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "दिदी, मला न्हाई?" तिचा चेहरा बघून मला कळलं, मी काय करून ठेवलंय. मी माझ्या शब्दानं तिला फेरातून बाहेर काढलं होतं, आणि आता चांगल्या मनानं गावातून. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ती मागं वळली. पाऊल उचललं. ते पाऊल थेट ठेसनाकडं निघालं होतं, हे मला ठाऊक होतं.

आणि मग पलीकडून आवाज आला, "ए चिने." बायांना कोपरानं बाजूला सारत तान्हूबाई पाण्यापर्यंत आली. तिला मावशीचा निरोप मिळाला नव्हता की तिनं तो मानला नव्हता, देव जाणे. मुलगा गेल्यापासून ती ओढ्यावर उभी राहिली नव्हती. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि हात पसरून ओरडली, "ए चिने, नकटे, माजं पोरगं तिकडं ठिवून घेतलंस, आन आता हिकडचा रंग्या बी खायला आलीस व्हय गं?"  ही शिवी होती की काय होतं, कुणाला कळेना. वडील काठावरच्या पुरुषांत उभे होते ते पुढं व्हायला लागले, आत्तीनं त्यांना हातानं मागं सारलं.

काकी परत फिरली. पाण्यात उतरली, साडी भिजली, पर्वा नाही. आणि म्हातारीच्या समोर जाऊन, दोन्ही हात हवेत फेकून, ती जी बोलायला लागली ती तिच्या भाषेत. लांबच्या लांब, दम न घेता, कपाळावर हात मारून घेत. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. शेवटी एकदम तिला आठवलं असावं, तिनं आत्तीनं शिकवलेली शिवी मारली, "मुडदा बशिवला तुजा, म्हातारे." ती इतकी वाकड्या उच्चारात आली की दोन्ही काठांना हसू फुटलं. हलगी पुन्हा कडाडली. पलीकडच्या बायांना आता धीर आला, चिने, नकटे, ठेंगणे, पालेखाऊ, चारी बाजूंनी सुरू झालं, आणि काकी होत्या नव्हत्या त्या दोन शिव्या फिरवून फिरवून सगळ्यांना वाटत होती. सगळे हसत होते. तान्हूबाई तेवढी हसली नाही. दिवस मावळायच्या आधी दोन्हीकडच्या बाया एकत्र फुगड्या खेळतात, तेव्हा तान्हूबाईनं काकीचे हात धरले. म्हातारीला फिरता येत नव्हतं. दोघी नुसत्या हात धरून जागच्या जागी पाय हलवत राहिल्या.

त्या वेळी काकी काय ओरडली होती, हे मला खूप वर्षांनी कळलं. रंगाकाका वारल्यानंतर एकदा ती म्हणाली, "त्या शिव्या न्हवत्या गं. म्या म्हनलं, माजा भाऊ बी तिकडंच मेला, त्याच लडाईत. त्याला बी जाळाय कुनी न्हवतं." मी विचारलं, तान्हूबाईला कळलं असेल? काकी म्हणाली, "तिला न कळून कसं चालंल?" काकीनं भावाची गोष्ट रंगाकाकाला सांगितली होती, घरात आम्हाला कुणाला माहीत नव्हती. आम्ही विचारलीच नव्हती. पुढं दर पंचमीला तान्हूबाईकडून काकीला कानवल्यांचा डबा यायचा, म्हातारी मरेपर्यंत. डबा आणणाऱ्या पोराला ती सांगायची, जा, चिनीला दिऊन ये. ट्रंक माळ्यावर गेली ती गेली.

माझा नातू पुण्याला शिकतो. त्याच्या खोलीत मणिपूरचा एक मुलगा आहे. रस्त्यानं जाताना पोरं त्याला चिनी म्हणून हाका मारतात, घर कुणी भाड्यानं देत नाही, असं नातू सांगतो तेव्हा त्याचे कान लाल होतात. मी ही गोष्ट त्याला सांगितली. तो म्हणाला, "आजी, म्हणजे तुमची आत्ती बरोबर आणि ही पोरं चूक, असं का? शब्द तर एकच आहे." मी म्हटलं, बाबा, त्या पोरांपैकी एकतरी तुझ्या मित्राच्या तापात उशाशी बसलंय का, ते आधी विचार. बसलं नसेल तर त्यांना तो शब्द वापरायचा हक्क नाही, हसून म्हटलं तरी नाही. तो म्हणाला, "आणि बसलं असेल तर?" मी म्हटलं, तरी त्या मित्राला विचार. आत्तीनं विचारलं नव्हतं. तिचं नशीब, की काकीनं तिला आपलं म्हटलं. नातवाचं यावर समाधान झालं नाही. माझं तरी कुठं झालंय?

तीन वर्षांपूर्वी काकीच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला झालं आणि ती महिनाभर माझ्याकडं सांगलीला राहिली. आता तिचं बोलणं आमच्याहून रांगडं झालेलं. आत्ती जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती, आत्तीच्या किल्ल्या हिच्या कमरेला आल्या होत्या आणि आत्तीच्या शिव्याही. दिवसातून चार वेळा मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे. एका दुपारी ती पलंगावर उताणी पडलेली, मी बाटली हलवत होते. ती म्हणाली, "सुमे, येक इचारू?"

"विचार की."

"समदं गाव मला चिनी म्हनतं. तुजी नातवंडं चिनीआजी म्हनत्यात. तू तेवडी शालनकाकी, शालनकाकी. कवाधरनं बगतीया. आजून राग हाय व्हय माजा?"

 इतकी वर्षं मला वाटत होतं मी तिचा मान राखतेय. मी तिला म्हटलं, काकी, त्या पंचमीआधी फेरात मी तुला काय बोलले ते तुला आठवतं?

"आठवतं की," ती म्हणाली. "म्हनून तर वाट बगत हुते. तू पुन्यांदा कवातरी धड म्हनशील. म्हन की आता."

तिनं एका डोळ्यात थेंब पडावा म्हणून पापणी बोटानं ओढून धरली होती आणि ती वाट बघत होती. मी तोंड उघडलं. आत्तीचा सूर मला पाठ आहे, झोपेत उठवलं तरी काढून दाखवीन. पण शब्द घशात आला तो आत्तीच्या आवाजात नव्हताच, तो माझ्या बारा वर्षांच्या आवाजात होता, हळू, नीट, सगळ्या पोरींना ऐकू जाईल एवढाच. मी तो गिळला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या गालावर पडलं आणि तिला वाटलं औषधच पडलं, तिनं पापणी सोडली.

"काकी," मी म्हटलं, "मला म्हणता येत न्हाई गं."

 तिनं गाल पुसला, आणि दुसरी पापणी ओढून धरली.

"बरं," ती म्हणाली. "ह्या डोळ्यात घाल."